मृग जूनमध्ये दिसत नाही

जूनच्या ७ किंवा ८ तारखेला महाराष्ट्रात गावोगावी ‘मृग लागला’ असं म्हटलं जातं. पेरणीची गडबड सुरू होते, पावसाचे अंदाज रंगतात. हे ऐकून कुणी रात्री मृग शोधायला गच्चीवर गेलं, तर तो सापडत नाही. आकाश निरभ्र असलं तरी सापडत नाही. त्यात ढगांचा दोष नाही.

‘मृग लागला’ म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात शिरला. सूर्य ज्या नक्षत्रात असतो, ते नक्षत्र त्याच्याबरोबरच उगवतं आणि त्याच्याबरोबरच मावळतं. भर दुपारी ते आपल्या डोक्यावरून जातं आणि उजेडात कुणाला दिसत नाही. सत्तावीस नक्षत्रांची फेरी सूर्य वर्षभरात पुरी करतो, म्हणून एकेका नक्षत्रात त्याचा मुक्काम तेरा-चौदा दिवसांचा असतो. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य ही पावसाची सगळी नक्षत्रं अशी सूर्याची आहेत. शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द अचूकच आहे, फक्त तो दिवसाच्या आकाशाबद्दलचा आहे. रात्रीचा मृग पाहायचा तो डिसेंबरात. दिवेलागणीनंतर तो पूर्वेला वर येतो आणि जवळजवळ रात्रभर सोबत करतो. चार कोपऱ्यांना चार तारे, मधोमध एका ओळीत तीन. हे तीन म्हणजे मृगाच्या पोटातला बाण. त्या बाणाची रेष आग्नेयेकडे वाढवली की ती थेट व्याध या ताऱ्यापाशी पोहोचते.

भाषेनं असाच एक घोटाळा शुक्राबाबत केला आहे. ‘शुक्राची चांदणी’ चांदणी नाही, तो ग्रह आहे आणि त्याचा उजेड उसना, सूर्याकडून आलेला. पृथ्वीवरून पाहताना शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपेक्षा लांब जात नाही. म्हणून तो एक तर संध्याकाळी पश्चिमेला दिसतो, नाही तर पहाटे पूर्वेला. ‘मध्यरात्री डोक्यावर शुक्र पाहिला’ असं कुणी सांगितलं, तर त्यानं बहुधा गुरू पाहिलेला असतो.

तारे लुकलुकतात, ग्रह लुकलुकत नाहीत, हे शाळेत शिकवतात आणि ते बरंचसं खरं आहे. तारा इतका दूर असतो की तो निव्वळ बिंदू दिसतो, हवेच्या प्रत्येक हेलकाव्यानं त्याचा उजेड थरथरतो. ग्रहाची बारीकशी चकती असते, तिच्या वेगवेगळ्या भागांतली थरथर एकमेकींना भरून काढते. पण क्षितिजालगत हवेचा थर फार जाड असतो आणि तिथे ग्रहही चांगलेच लुकलुकतात. तेव्हा ग्रह ओळखायचा तर तो जरा वर येऊ द्यावा.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज मात्र दुर्बिणीचा. आकाश पाहायचं तर आधी दुर्बीण हवी, आणि दुर्बीण जितकी ‘पट’ मोठं दाखवेल तितकी चांगली, असं समजून पालक मुलांसाठी खोकी घेऊन येतात. खोक्यावर पाचशे पट, सहाशे पट असे आकडे छापलेले असतात. प्रत्यक्षात भिंगाच्या व्यासाचे जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुप्पट पटींपर्यंतच चित्र कामाचं राहतं. साठ मिलिमीटरच्या भिंगाला एकशेवीस पट झाली पुरे, त्यापुढे दिसतो तो मोठा, अंधूक डाग. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओनं गुरूचे चार चंद्र पाहिले ते सुमारे वीसच पट दाखवणाऱ्या दुर्बिणीतून. आज ते हात स्थिर टेकवून धरलेल्या १०×५० च्या द्विनेत्रीतूनही दिसतात. बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी या पाचांना तर नुसते डोळे पुरतात.

दुसरी निराशा रंगांची. छायाचित्रातला मृगातला तेजोमेघ गुलाबी-जांभळा असतो, नेत्रिकेतून तो राखाडी धुक्यासारखा दिसतो. दुर्बीण बिघडलेली नसते. मंद प्रकाशात डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत, कॅमेरा मात्र मिनिटामिनिटांचा उजेड साठवू शकतो. शनीची कडी दिसेनाशी झाली, तरी दोष दुर्बिणीचा नसतो. मार्च २०२५ मध्ये त्याची कडी पृथ्वीकडे काठ करून आली होती. पावणेतीन लाख किलोमीटर विस्ताराची, पण अतिशय पातळ असलेली ती कडी त्या काळात जवळपास नाहीशी झाली. शनीच्या साडेएकोणतीस वर्षांच्या फेरीत असं दोनदा घडतं.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगायलाच हवी. काही स्वस्त दुर्बिणींबरोबर सूर्य पाहण्यासाठी म्हणून नेत्रिकेला लावायची काळी काच देतात. ती वापरू नये. भिंगानं एकवटलेली उष्णता नेमकी तिथेच पडते, काच तडकते आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. सूर्याची गाळणी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावरच हवी.

चंद्र पाहायला पौर्णिमा निवडणारे पुष्कळ. त्या दिवशी ऊन चंद्रावर सरळ पडतं, सावल्या नसतात, विवरं सपाट दिसतात. अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर तीच विवरं आणि डोंगर खोल सावल्यांसकट उठून दिसतात.

दर ऑगस्टमध्ये ‘मंगळ चंद्राएवढा दिसणार’ असा निरोप मोबाइलवर फिरतो. त्याचं मूळ खरं आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता, सुमारे साठ हजार वर्षांत इतका जवळ तो कधी नव्हता. तरीही त्याची चकती चंद्राच्या सत्तराव्या हिश्शाहून मोठी नव्हती. ‘पंचाहत्तर पट मोठं करणाऱ्या दुर्बिणीतून पाहिलं तर’ ही अट निरोप पुढे जाताना गळून पडली. ‘ग्रह एका रांगेत’ या बातमीचंही थोडं असंच. ग्रह जवळपास एकाच पातळीत फिरतात, म्हणून ते नेहमीच आकाशात एका पट्ट्यात दिसतात. २१ डिसेंबर २०२० रोजी गुरू आणि शनी एकमेकांना चिकटल्यासारखे दिसले, तेव्हाही त्यांच्यात सुमारे ७३ कोटी किलोमीटर अंतर होतं.

शहरातून काहीच दिसत नाही, हे तर अनेकांनी न पाहताच मान्य केलेलं असतं. चंद्र, ग्रह आणि ठळक तारे दादरच्या गच्चीवरूनही दिसतात. आकाशगंगेसाठी मात्र काळोख हवा. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, भारतातला पहिला. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी मंडळींना आकाश दाखवते आहे. अशा कार्यक्रमात दुसऱ्याच्या दुर्बिणीतून एकदा पाहून मग स्वतःची घ्यावी, हे उत्तम.

राहिला ध्रुव. तो सर्वांत तेजस्वी तारा आहे, हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तेजाच्या क्रमात त्याच्या पुढे चाळीसहून अधिक तारे आहेत, पहिला व्याध आणि दुसरा अगस्त्य. ध्रुवाचं वैशिष्ट्य चमक नव्हे, जागा. आपल्या गावाचा अक्षांश जितका, साधारण तितक्याच अंशांवर तो उत्तरेला असतो. पुण्यात तो साडेअठरा अंशांवर, एखाद्या इमारतीमागे सहज दडेल इतका खाली. फेब्रुवारीच्या मध्याला रात्री नऊ-सव्वानऊला पुण्यातल्या मोकळ्या मैदानात उभं राहिलं, तर दक्षिणेला व्याधाच्या बरंच खाली अगस्त्य दिसतो. त्या वेळी तो जवळपास ध्रुवाइतक्याच उंचीवर असतो, आणि ध्रुवाच्या दहा-बारा पट तेजस्वी.