जनरल आयर्नवुडचं पतन पटण्याजोगं आहे का?

हुकूमशहाच्या गोष्टी बहुधा तो हुकूमशहा झाल्यानंतर सुरू होतात. सिंहासन, फौज, भेदरलेली प्रजा हे सगळं आधीच जागेवर असतं. तो तिथवर कसा पोचला हे क्वचितच दाखवलं जातं. ‘आरडब्ल्यूबीवाय’ या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेने ते दाखवायचं धाडस केलं. जनरल जेम्स आयर्नवुड हा सज्जन, धाडसी आणि स्वतःच्या माणसांवर माया असलेला सेनापती सातव्या पर्वापर्यंत हळूहळू घसरत जातो आणि आठव्या पर्वात स्वतःच्याच राज्यातल्या लोकांवर बॉम्ब टाकायची धमकी देतो. २०२०-२१ मध्ये हे पर्व आलं तेव्हा प्रेक्षकांत उभी फूट पडली. काहींना हे पतन अटळ वाटलं, काहींना ते लेखकांनी जबरदस्तीने घडवून आणलेलं वाटलं.

माझं मत असं की पतनाची दिशा पूर्णपणे पटणारी आहे, पण शेवटचा उतार मालिकेने नीट रचला नाही.

कोणती मालिका, कोणतं जग

मालिकेच्या नावातली चार इंग्रजी अक्षरं म्हणजे रूबी, वाइस, ब्लेक आणि यँग या चार नायिकांची आद्याक्षरं. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या रूस्टर टीथ या कंपनीने जुलै २०१३ मध्ये ती इंटरनेटवर सुरू केली. तिचा जनक माँटी ऊम फेब्रुवारी २०१५ मध्ये वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी गेला. पुढचा भार माइल्स लूना आणि केरी शॉक्रॉस या त्याच्या सहकाऱ्यांनी उचलला.

गोष्ट घडते ती रेम्नंट नावाच्या जगात. तिथे चार राज्यं आहेत आणि त्यांच्या वेशीबाहेर ‘ग्रिम’ नावाचे काळे राक्षस. ग्रिमांचा एक गुण या लेखापुरता फार महत्त्वाचा आहे. भीती, राग, दुःख यांच्याकडे ते ओढले जातात. एखाद्या शहरात घबराट पसरली की ग्रिम तिथे येणारच. या राक्षसांमागे सेलम नावाची स्त्री आहे, आणि ती अमर आहे. ती आहे एवढंच मोजक्या लोकांना ठाऊक असतं, तिचं अमरत्व त्यांतल्याही बहुतेकांना माहीत नसतं. बीकन अकादमीचा प्रमुख ऑझपिन त्यांच्या गुप्त मंडळाचा म्होरक्या. आयर्नवुडही त्या मंडळात आहे. ॲटलस या राज्याचा तो सेनापती, तिथल्या अकादमीचा प्रमुख, आणि राज्याच्या कौन्सिलमध्ये त्याच्या एकट्याच्या वाट्याला दोन जागा. एकाच माणसाच्या हाती इतकं सगळं आहे याबद्दल सुरुवातीला कोणालाच काही वाटत नाही, कारण माणूस चांगला आहे.

बीज आधीच पडलेलं होतं

दुसऱ्या पर्वात आयर्नवुड व्हेल राज्यातल्या उत्सवासाठी आख्खं आरमार घेऊन येतो. हेतू रक्षणाचा. ऑझपिन त्याला समजावतो, की आकाशात एवढी जहाजं दिसली की लोक विचारतील, असं कोणतं संकट येणार आहे? म्हणजे भीती पसरणार, आणि या जगात भीतीचा अर्थ ग्रिमांना आवतण. आयर्नवुडला हे पटत नाही. उत्सवाच्या सुरक्षेचे अधिकार ऑझपिनकडून काढून त्याच्याकडे दिले जातात.

तिसऱ्या पर्वाच्या शेवटी शत्रू त्याच्याच यंत्रणेत शिरतो आणि त्याचे यंत्रसैनिक ज्यांचं रक्षण करायचं त्या लोकांवरच बंदुका रोखतात. बीकन अकादमी पडते. इथे आयर्नवुडपुढे दोन धडे होते. एक, सगळी ताकद एका जागी गोळा केली की ती एकदम शत्रूच्या हाती जाऊ शकते. दुसरा, ताकद आणि नियंत्रण कमी पडलं, पुढच्या वेळी अधिक हवं. तो दुसरा धडा घेतो. त्याच्या पुढच्या आयुष्याचा कल माझ्या मते इथेच ठरतो. आठव्या पर्वातला आयर्नवुड अचानक उपटला असं म्हणणाऱ्यांनी हे भाग पुन्हा पाहावेत. चौथ्या पर्वात तो ‘डस्ट’ या इंधनाची निर्यात थांबवतो आणि राज्याच्या सीमा बंद करतो. दर वेळी कारण खरं असतं आणि दर वेळी एक दार बंद होतं.

वर ॲटलस, खाली मँटल

सातवं पर्व हा या कथेचा गाभा आहे. ॲटलस हे हवेत तरंगणारं श्रीमंत शहर, आणि त्याच्या सावलीत थंडीने गारठलेलं, गरीब मँटल. मँटलच्या तटबंदीला भगदाड पडलंय. तिथून ग्रिम आत शिरतात, पण दुरुस्तीचं सामान दुसरीकडेच जातंय. आयर्नवुडने ते एका गुप्त प्रकल्पाकडे वळवलंय. ॲमिटी हे प्रचंड क्रीडांगण आकाशात उंच चढवून त्याचा मनोरा करायचा, जगभरातलं तुटलेलं दळणवळण पुन्हा जोडायचं आणि सेलमबद्दलचं सत्य सगळ्यांना सांगायचं, अशी ती योजना.

योजना वाईट नाही. किंबहुना ऑझपिनच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या लपवाछपवीपेक्षा ती कितीतरी प्रामाणिक आहे. पण तिची किंमत मँटलने मोजायची, आणि आपण किंमत मोजतोय हे त्याला कळूही द्यायचं नाही. रॉबिन हिल ही मँटलची नेता उघडपणे विचारते, आमच्या भिंतीचं सामान जातं कुठे? तिला उत्तर मिळत नाही.

तरीही या पर्वात आयर्नवुड जिवंत माणूस वाटतो. जुना मित्र क्रो भेटतो तेव्हा तो त्याला मिठी मारतो. नायिकांवर विश्वास टाकून त्यांना अधिकृत परवाने देतो. मँटलवर ग्रिम तुटून पडतात तेव्हा रॉबिनला आणि कौन्सिलला सत्य सांगायला तयार होतो, फौज लोकांच्या सुटकेसाठी पाठवतो. मालिकेने त्याला इथे खरोखरचा पर्याय दिला होता आणि तो थोडा वेळ योग्य वाटेवर चाललाही. म्हणून पुढचं वळण झोंबतं. त्याच्या कचेरीत बुद्धिबळातल्या काळ्या वजिराची सोंगटी सापडते. बीकनच्या वेळी त्याच्या यंत्रणेत शिरलेल्या शत्रूची ही खूण. एवढी कडेकोट व्यवस्था करूनही शत्रू आपल्या खोलीपर्यंत पोचला, ही जाणीव त्याला मोडते.

मँटलला सोडून जायचा निर्णय

सेलम फौज घेऊन येते आहे हे कळल्यावर आयर्नवुड ठरवतो, की ॲटलस आणखी उंच न्यायचं आणि मँटलला खाली सोडून द्यायचं.

या निर्णयाकडे घाईने पाहू नये. सेलम मारून मरत नाही. ॲटलसच्या तळघरात सृष्टी घडवण्याची शक्ती असलेला दंड आहे आणि तो तिच्या हाती पडला तर सगळं जग धोक्यात येईल. थोड्यांना गमावून बाकीच्यांना वाचवणं हा सेनापतीचा हिशेब आहे आणि युद्धात असे हिशेब मांडले जातात. नायिकांकडेही त्या क्षणी दुसरी पक्की योजना नसते. पण आयर्नवुडच्या योजनेतही मोठं भोक आहे. ॲटलस किती उंच न्यायचं, तिथे लोकांनी खायचं काय, राहायचं किती दिवस, आणि अमर शत्रूने वाट पाहायची ठरवली तर पुढे काय, याची उत्तरं त्याच्यापाशी नाहीत.

मला त्याचा खरा दोष योजनेत दिसत नाही. तो दिसतो निर्णय घेण्याच्या रीतीत. तो कौन्सिलला विचारत नाही, आणि मँटलला विचारायचं तर त्याच्या मनातही येत नाही. रूबी आणि तिचे साथीदार विरोध करतात तेव्हा तो त्यांच्या अटकेचे हुकूम काढतो. याच पर्वात तो शत्रूचा हस्तक डॉ. वॉट्स याच्याशी लढताना स्वतःचा धडधाकट डावा हात होरपळून घेतो, पण माघार घेत नाही. स्वतःचा हात द्यायला तयार असणारा माणूस दुसऱ्यांचे जीवही तितक्याच सहजपणे द्यायला निघतो, हे मानसशास्त्र अचूक आहे. स्वतः त्याग केल्यामुळे इतरांकडून त्याग वसूल करायचा हक्क मिळाला, असं त्याला वाटू लागलेलं असतं. पर्वाच्या शेवटी रूबीच्या साथीदारांतला कोवळा ऑस्कर त्याला थांबवायला येतो. तो ऑस्करवर गोळी झाडतो.

इथपर्यंत मला हे पतन सोळा आणे पटतं.

आठव्या पर्वातली घाई

त्यानंतर मालिकेचा तोल जातो. आठव्या पर्वात कौन्सिलचा एक सदस्य जाब विचारतो आणि आयर्नवुड त्याला गोळी घालतो. आयर्नवुडच्या पथकातला मॅरो विरोधात बोलतो तेव्हा त्याच्यावर बंदूक रोखतो. आयर्नवुडची सहायक विंटर ऐन वेळी मॅरोला अटक करून त्याचा जीव वाचवते. शिवाय पेनी ही यंत्रकन्या ताब्यात दिली नाही तर मँटलवर बॉम्ब टाकू, अशी धमकी येते.

असा माणूस असं कधीच करणार नाही, असं मी म्हणत नाही. करू शकेल. माझी तक्रार अशी की या टप्प्यावर आपण त्याच्या मनात कुठेच शिरत नाही. सातव्या पर्वात त्याला शंका येताना, थकताना, चिडताना आपण पाहिलं होतं. आठव्यात तो फक्त हुकूम देतो. विंटरची घालमेल दाखवायला मालिका भरपूर वेळ काढते, पण ज्याचं पतन आहे त्याच्यासाठी तिच्यापाशी वेळ नाही. मँटलला निरुपायाने मागे सोडणं आणि मँटललाच ओलीस धरणं यांच्यात फार मोठं अंतर आहे. ते तो कसा ओलांडतो, एवढा एक प्रसंग मला हवा होता. प्रत्येक कृत्य आधीच्यापेक्षा उघड दुष्ट होत गेल्याने वादच संपतो. नायिका बरोबर आहेत का, हा सातव्या पर्वात टोचणारा प्रश्न आठव्यात उरतच नाही, कारण समोरच्याच्या हाती बॉम्ब आहे.

आणखी एक गोष्ट खटकते. आयर्नवुडच्या अंगची खास शक्ती, म्हणजे या जगाच्या भाषेत त्याचा ‘सेंब्लन्स’, अशी आहे की एकदा निश्चय केला की त्याचं मन त्यावरून ढळत नाही. त्याची सगळी शोकांतिका या एका वाक्यात आहे! पण मालिकेत ही गोष्ट कुठेही येत नाही. निर्मात्यांनी ती मालिकेबाहेर सांगितली. पडद्यावर आली असती तर शेवटच्या कृत्यांना वेगळंच वजन मिळालं असतं.

टिनचा माणूस आणि धातूचं शरीर

आयर्नवुड हे पात्र एल. फ्रँक बॉमच्या १९०० सालच्या ओझच्या गोष्टीतल्या टिनच्या लाकूडतोड्यावर बेतलेलं आहे. मंतरलेल्या कुऱ्हाडीने त्याचा एकेक अवयव तुटत जातो आणि तिथे टिन बसवलं जातं. आपल्याला हृदय नाही असं समजणारा तो लाकूडतोड्या पायाखाली किडा चिरडला म्हणून रडतो. बॉमची गोष्ट आणि मालिका इथे उलट्या दिशांना जातात. आयर्नवुडला आपलं काळीज शाबूत असल्याची पक्की खात्री असते आणि तो ते तपासून पाहायचं सोडून देतो.

आयर्नवुडचं अर्धं शरीर धातूचं आहे आणि दुसराही हात गेल्यावर तो आणखी कठोर होतो. यावर आक्षेप घेतला गेला, की कृत्रिम अवयव म्हणजे हरवलेली माणुसकी, असं मालिका सुचवते. आक्षेप गंभीर आहे, पण मला तो पूर्ण मान्य नाही. यँगचा हात तुटतो तेव्हा तिला नवा कृत्रिम हात मिळतो तो आयर्नवुडमुळेच, आणि त्या हातासह ती अधिक समंजस होत जाते. मात्र घाबरलेल्या, आघात सोसलेल्या माणसाला मदत मिळायला हवी होती, असं मालिकेतलं कोणीच ठासून बोलत नाही, हा आक्षेप मला खोडता येत नाही.

कुवीराशी तुलना

‘द लेजंड ऑफ कोरा’च्या २०१४ मधल्या चौथ्या पर्वात कुवीरा आहे. अराजकात बुडालेल्या पृथ्वीराज्यात तीन वर्षांत सुव्यवस्था आणते आणि गादीचा वारस समोर असताना सत्ता सोडायला नकार देते. नको असलेल्यांना छावण्यांत डांबते, शत्रूला संपवण्यासाठी स्वतःच्या वाग्दत्त वरावरही तोफ डागते. कृत्यं आयर्नवुडइतकीच भयंकर आहेत. फरक शेवटात आहे. कोरा तिला तोफेच्या माऱ्यापासून वाचवते, दोघी बोलतात, आणि कुवीरा शरण येते. तिला शिक्षा होते, पण त्याआधी कोणीतरी तिचं ऐकून घेतं. आयर्नवुडच्या वाट्याला हे येत नाही. विंटर त्याला हरवते आणि ॲटलस कोसळत असताना तो तळघरातच राहतो. त्याला माफी मिळायला हवी होती असं माझं म्हणणं नाही. मँटलच्या लोकांना त्याच्याकडून जबाब मिळायला हवा होता, आणि तो मेल्याने त्यांचा तो हक्क गेला.

नायिकांच्या बाजूचा हिशेब

रूबी आणि तिचे साथीदार ॲटलसला आल्या दिवसापासून एक गोष्ट दडवतात. सेलम अमर आहे हे त्यांना माहीत असतं, पण ते आयर्नवुडला सांगत नाहीत. तो या सत्याने कोसळेल अशी त्यांना भीती वाटते, आणि ती अगदीच निराधार नाही. पण त्या माहितीविना तो आपली सगळी योजना बांधत राहतो. सत्य कळतं तेव्हा सेलम उंबरठ्यावर असते आणि विचार करायला रात्रही उरलेली नसते. जो माणूस सगळ्यांवर संशय घ्यायला लागलाय त्याला त्याच क्षणी कळतं, की जवळच्यांनीही आपल्याला फसवलं.

म्हणून त्याने झाडलेल्या गोळ्यांची जबाबदारी रूबीवर येत नाही. पण विश्वास तुटण्यात तिचा वाटा आहे. आयर्नवुड राक्षस झाल्यावर मालिका हा वाटा विसरून जाते. २०२३ च्या नवव्या पर्वात रूबीच्या अपराधीपणाला मोठी जागा मिळते, पण आयर्नवुडपासून काय लपवलं आणि त्याचं काय झालं, हा हिशेब तिथेही सरळ मांडला जात नाही. रूस्टर टीथ २०२४ मध्ये बंद पडली आणि मालिकेचे हक्क व्हिझ मीडियाकडे गेले. गोष्ट अजून अर्धवट आहे. ती पुढे कोणी लिहिली, तर मँटलच्या वाचलेल्या एखाद्या माणसाने रूबीला हे समोरासमोर विचारावं, आणि तिला उत्तर द्यावं लागावं.