हक्क आहे, पण मागावा लागतो

तळोजा मध्यवर्ती कारागृहातल्या ज्या बंद्यांचा खटला अजून निकाली निघालेला नाही, त्यांना कागदोपत्री 'न्यायाधीन बंदी' म्हणतात, बोलण्यात 'कच्चे कैदी'. अशांच्या घरच्यांनी दोन शब्द वेगळे ओळखायला हवेत. 'दोषारोपपत्र' तपास यंत्रणा दाखल करते. 'आरोप' निश्चित करते ते न्यायालय, आणि तेही त्यानंतर.

हा फरक महत्त्वाचा, कारण दोषारोपपत्राला मुदत आहे. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवस, इतर गुन्ह्यांत ६०. 'यूएपीए'खाली न्यायालय ती १८० दिवसांपर्यंत वाढवू शकते. दिवस मोजायचे ते अटकेपासून नव्हे, तर न्यायालयाने पहिली कोठडी सुनावली तो दिवस धरून. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हे स्पष्ट केले. मुदतीत दोषारोपपत्र आले नाही, तर जामीनदार देण्यास तयार असलेल्या आरोपीला सुटकेचा हक्क मिळतो. हाच 'डिफॉल्ट जामीन'. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६७(२) मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७(३) मध्ये आहे. पुरावा किती भक्कम, हा प्रश्न इथे उद्भवत नाही.

मात्र हा हक्क आपोआप पदरात पडत नाही. संजय दत्त खटल्यात घटनापीठाने १९९४ मध्येच सांगितले, की अर्ज होण्यापूर्वी दोषारोपपत्र दाखल झाले तर हा हक्क उरत नाही. एल्गार परिषद प्रकरणात त्याचा अर्थ दिसला. १ डिसेंबर २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सुधा भारद्वाज यांना डिफॉल्ट जामीन दिला. मुदत वाढवणाऱ्या न्यायालयाला तो अधिकार नव्हता, आणि भारद्वाज यांचा अर्ज वेळेत होता. आठ सहआरोपींची मागणी त्याच निकालात फेटाळली गेली, कारण त्यांनी दोषारोपपत्रापूर्वी असा अर्ज केलेला नव्हता. त्यांतले अनेक जण तेव्हा तळोजातच होते.

अर्जाचा मसुदा अवघड नाही. पहिल्या कोठडीची तारीख, लावलेली कलमे, लागू मुदत, पूर्ण झालेले दिवस, दोषारोपपत्र अद्याप दाखल नाही हे विधान, आणि जामीन देण्याची तयारी. अर्ज तोंडी केला तरी चालतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आहे. तरी तो लेखी द्यावा, त्यावर दिनांक आणि वेळ घालावी, आणि रोजनाम्यात त्याची नोंद झाली का ते पाहावे. पुढे वाद झाला तर आधी काय आले, अर्ज की दोषारोपपत्र, हे त्या नोंदीवरूनच ठरते.