संगणकाच्या पोटातले राउटर



अकरावीच्या संगणक वर्गासाठी राउटर विकत घ्यावेत काय, असा प्रश्न विश्वस्त मंडळाच्या बैठकीत निघाला होता. उत्तराआधी थोडी माहिती देणे आम्हांस आवश्यक वाटते.

राउटरचे काम टपाल कचेरीत पत्रे वेगळी करणाऱ्या कर्मचाऱ्यासारखे आहे. आलेल्या पाकिटावरचा पत्ता वाचायचा, जवळचा तक्ता पाहायचा आणि पाकीट पुढच्या वाटेला लावायचे. मोठ्या जाळ्यांत हा तक्ता राउटर एकमेकांशी बोलून स्वतःच तयार करतात. त्यामुळे एका ठिकाणची चूक फार दूर पोहोचते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सअॅप व इन्स्टाग्राम सुमारे ६ तास बंद पडले. पालकांना आठवत असेल, आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने कंपनीच्या केंद्रांना जोडणारे मुख्य जाळेच तुटले. अशी आज्ञा अडवण्यासाठी तपासणीचा प्रोग्रॅम होता, पण दोष नेमका त्याच्यातच निघाला!

मग प्रयोग करायचे कोठे? चालू जाळ्यावर तर नक्कीच नाही. येथे व्हर्च्युअल मशीन कामास येते. एका संगणकात प्रोग्रॅमने उभा केलेला दुसरा संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले. 'आभासी' हा शब्द आम्हांस दोन्ही भाषांत आवडतो, पण मुले 'व्हीएम'च म्हणतात.) फ्रान्सच्या क्रिस्तोफ फिलो यांनी २००५ मध्ये 'डायनामिप्स' प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि सिस्को कंपनीच्या राउटरचे मूळ सॉफ्टवेअर साध्या पीसीवर चालू लागले. २००८ मध्ये आलेल्या 'जीएनएस-३' मुळे पडद्यावर राउटर मांडून माउसने तारा जोडता येऊ लागल्या. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये मांडलेल्या 'क्रिस्टलनेट'मध्ये तर स्वतःच्या जाळ्याची प्रतिकृती उभारून बदल आधी तिच्यावर तपासण्याची सोय होती.

विद्यार्थ्यांनी चार राउटर चौकोनात जोडावेत आणि मधली एक तार मुद्दाम तोडावी. क्षणभर निरोप अडतात, मग राउटर दुसरी वाट शोधतात. तेवढ्या वेळात ते एकमेकांशी काय बोलले, हे वायरशार्कमध्ये ओळीने वाचता येते. सगळे बिघडले तरी हरकत नाही. आधी जपून ठेवलेल्या स्थितीवर यंत्र परत नेता येते. खऱ्या राउटरवर इतकी मोकळीक कोण देईल?

सगळेच मात्र येथे तपासता येत नाही. मोठ्या राउटरमध्ये पाकिटे पुढे ढकलण्यासाठी खास चिप असतात. तो वेग पीसीला साधत नाही. तापलेले यंत्र, सैल तार, अचानक गेलेली वीज, हेही व्हीएममध्ये शिकता येत नाही.

म्हणून आमचे मत असे: खरे राउटर दोनच घ्यावेत, मुलांनी तारा स्वतः जोडाव्यात यासाठी. बाकी सराव व्हीएमवर व्हावा. सिस्कोचे सॉफ्टवेअर जीएनएस-३ सोबत मिळत नाही, त्याचा परवाना लागतो. कोणाकडून आणलेली प्रत शाळेत चालणार नाही. 'एफआरराउटिंग' हे मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. ८ जीबी मेमरीच्या संगणकावर त्याचे चार राउटर आरामात चालतात. तेव्हा खर्च करायचाच असेल, तर प्रयोगशाळेतील जुन्या संगणकांची मेमरी आधी वाढवावी, अशी मंडळास विनंती आहे.