लांच देणाऱ्याची साक्ष

माळशिरसच्या कचेरींत ज्याचें कधीं काम पडलें नाहीं असा शेतकरी आपल्या तालुक्यांत विरळाच. वारसाची नोंद, खरेदीखताचा फेरफार, जमिनीची मोजणी, पाटाच्या पाण्याचा अर्ज, पिकाच्या नुकसानीचा पंचनामा, अशा एक ना एक कारणानें सरकारी कागदाशीं आपली गांठ पडतेच. हा कागद पुढें सरकण्यास कांहीं चिरीमिरी लागते अशी तक्रार बाजारच्या दिवशीं चार मंडळी जमलीं कीं ऐकूं येते. तोंडी बोलणारे पुष्कळ. लेखी तक्रार देणारा मात्र क्वचितच. असें कां व्हावें, याचा आज थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लांच घेणाऱ्यास सारेच नांवें ठेवतात. ती देणाऱ्यास काय म्हणावें, हा प्रश्न अवघड आहे. आणि त्याचा कसून खल आपल्याच प्रांतांत एकदां होऊन गेला आहे. सन १८८८ मध्यें ऑर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हे मध्य विभागाचे कमिशनर होते. पुणें, सातारा, नगर वगैरे जिल्ह्यांबरोबर आपला सोलापूर जिल्हाहि याच विभागांत मोडे. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर म्हणून त्यांनीं पूर्वीं लौकिक मिळविला होता. ज्यास आतां महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणतात त्या मुंबईच्या बाजारास त्यांचेंच नांव होतें. अशा वजनदार अधिकाऱ्यावर आरोप आला तो असा कीं, मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या व बदल्या यांसाठीं ते मध्यस्थांमार्फत पैसे घेतात. त्यांचा मध्यस्थ हणमंतराव जहागीरदार यास तुरुंगाची शिक्षा झाली. खुद्द साहेब वेष पालटून निघून जात असतां मुंबईस पकडले गेले.

परंतु लांच ही चारचौघांत दिली जात नाहीं. देणारा आणि घेणारा यांखेरीज तिसरा साक्षी बहुधा नसतो. म्हणून गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारनें मामलेदारांस अभय दिलें कीं, खरें सांगाल तर तुम्हांस धक्का लागणार नाहीं. या वचनावर भिस्त ठेवून कित्येक मामलेदारांनीं आपण पैसे दिल्याचें कबूल केलें. तिघां सभासदांचें कमिशन पुण्यास बसलें. लांच घेतल्याचे आरोप शाबीत होत नाहींत, मात्र आपल्या हुकमतींतील लोकांकडून साहेबांनीं कर्जें काढलीं हा दोष शाबीत आहे, असा त्याचा अभिप्राय पडला; आणि तेवढ्यावरून साहेबांस नोकरी सोडावी लागली.

खरा वाद येथून पुढें माजला. जे पैसे भरून खुर्चीवर बसले ते रयतेचा न्याय काय करणार, अशी ओरड इकडील इंग्रजी पत्रांनीं व विलायतेंतील पार्लमेंटांत झाली. उलट पक्षीं बाळ गंगाधर टिळकांनीं मामलेदारांची बाजू उचलून धरली. सरकारनें शब्द दिला तेव्हां साक्ष मिळाली. काम झाल्यावर शब्द फिरवावा हें सरकारास शोभत नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. १८८९ सालीं पुण्यास यासाठीं जाहीर सभा भरली. अखेर त्याच वर्षीं साक्षीदारांस संरक्षण देणारा कायदा करण्यांत आला. तरीहि कांहीं मामलेदारांस नोकरी गमवावी लागलीच.

आमच्या मतें दोन्हीं पक्षांच्या बोलण्यांत तथ्य होतें. ज्यानें जागा विकत घेतली तो ते पैसे आपल्या पगारांतून थोडेच भरून काढणार? तें ओझें शेवटीं खळ्यावर येऊन पडतें. पण साक्षीदारासच भरडून काढलें तर पुन्हां कोणी तोंड उघडणार नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

हाच पेंच आजच्या कायद्यांतहि आहे. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यांत २०१८ सालीं दुरुस्ती होऊन लांच देणें हाहि गुन्हा ठरला असून त्यास सात वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्हीं शिक्षा सांगितल्या आहेत. मात्र ज्यास लांच देणें भाग पाडलें गेलें, त्यानें दिल्यापासून सात दिवसांच्या आंत पोलीस अथवा तत्सम यंत्रणेस कळविलें, तर तो गुन्हेगार ठरत नाहीं. अगोदर कळवून त्यांच्या सल्ल्यानें पैसे दिल्यासहि त्यास दोष लागत नाहीं. हे सात दिवस फार मोलाचे आहेत. गप्प बसणारा मनुष्य आठव्या दिवसापासून कायद्याचें अभय गमावून बसतो. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. साक्षीदार उलटला किंवा मयत झाला तरी इतर पुराव्यावरून लांचेची मागणी शाबीत करतां येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें डिसेंबर २०२२ मध्यें दिला आहे.

आतां थोडें आपल्या घरांत पाहूं. लांच देणारे दोन प्रकारचे असतात. एकाचें हक्काचें काम अडवून धरलेलें असतें. दुसऱ्यास दुसऱ्याच्या आधीं पाण्याची पाळी हवी असते, बहिणीचें नांव गाळून वारसनोंद हवी असते, न बुडालेल्या पिकाचा पंचनामा हवा असतो. पहिला पीडित आहे. दुसरा भागीदार आहे. बांधावर उभे राहून शिव्या मात्र दोघेहि सारख्याच देतात! दुसऱ्याच्या बाजूनें आमच्यापाशीं एक शब्दहि नाहीं.

पहिल्यास आमचें सांगणें असें. अर्ज लेखीच द्यावा व पोंच घेतल्याशिवाय कचेरींतून निघूं नये. तलाठ्यानें, म्हणजे ज्यांस आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांनीं, फेरफाराची नोंद धरल्यावर संबंधितांस नोटीस देणें व मुदतींत हरकत न आल्यास मंडळ अधिकाऱ्यानें नोंद मंजूर करणें हा कायद्याचा क्रम आहे. ती कोणाची मेहेरबानी नव्हे. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमानें अधिसूचित सेवांस मुदत घातली असून ती टळल्यास अपील करतां येतें. एवढ्यानेंहि भागलें नाहीं व उघड मागणीच झाली, तर लांचलुचपत प्रतिबंधक विभागास १०६४ या क्रमांकावर कळवावें. तो विभाग प्रथम पंचांसमक्ष मागणीची पडताळणी करतो, मगच सांपळा लावतो.

राहिली भीति. पुढील दहा वर्षें त्याच कचेरींत जावयाचें आहे, या विचारानें मनुष्य कचरतो, आणि ती भीति खोटी नाहीं. एकट्या तक्रारदारावर डूख धरणें सोपें असतें; त्याच्या मागें भाऊबंद, सोसायटी व गांव उभें असल्यास तसें करणें जड जातें. क्रॉफर्डच्या प्रकरणांत साक्षीदारांच्या बाजूनें जाहीर सभा भरली, म्हणूनच त्यांचा प्रश्न दडपला गेला नाहीं. आपल्या गांवांतील कोणी उद्यां तक्रार घेऊन निघाला, तर त्यास वेड्यांत न काढतां एकानें तरी त्याच्याबरोबर माळशिरसपर्यंत जावें, इतकीच आमची वाचकांस विनंति आहे.