शिट्टी नसलेला कुकर

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मी कॉन्व्हेंटची. मराठीचा अभ्यास म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड उघडणं, एवढीच माझी तयारी. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर संपादकांना बोला. ‘काहीतरी टेक्निकल दे, पण मराठीत दे’ अशी गळ त्यांनीच घातली. मी टी.ई. मेकॅनिकल. टर्बाइनवर लिहिलं असतं तर तुम्ही पान उलटलं असतं. म्हणून कॉफीवर लिहितेय. पण शेवटपर्यंत वाचा, कारण यात एक स्फोट आहे. खराखुरा!

झालं असं, की एस.ई.च्या दिवाळीच्या सुट्टीत मी साताऱ्याला घरी होते. एका व्हिडिओत बघितलं, कंडेन्स्ड मिल्कचा न उघडलेला डबा पाण्यात तीन तास उकळायचा. आतलं दूध तपकिरी, दाट, टॉफीसारखं होतं. मग ते कॉफीत घालायचं. इतकं सोपं! दुपारी पातेल्यात डबा ठेवला, पाणी ओतलं, गॅस बारीक केला आणि आत जाऊन एम-थ्रीचं पुस्तक उघडलं. (बॅक होता. असो.)

पाणी मध्ये मध्ये घालायचं असतं, हे मी विसरले. अडीच तासांनी दाराची बेल वाजली. आई ओट्यापाशी कणीक मळत होती. हात तसेच पिठाचे घेऊन ती दार उघडायला गेली. तेवढ्यात धडाम! मला वाटलं, सिलिंडर गेला. स्वयंपाकघरात धावले तर छतावर, पंख्यावर, भिंतीवर सगळीकडे चिकट तपकिरी थेंब. डब्याचं झाकण खिडकीपाशी पडलेलं. आणि परातीतल्या कणकेवर, म्हणजे आई एक मिनिटापूर्वी जिथे उभी होती बरोब्बर तिथे, त्या पाकाचा वाफाळणारा गोळा.

आई फक्त एवढंच म्हणाली, “आधी गॅस बंद कर.” नंतर कितीतरी वेळ आम्ही दोघीही काही बोललो नाही. बेल वाजवणारा इस्त्रीवाला होता. त्याला अजून माहीत नाही त्याने काय केलं ते.

आता इंजिनीअरसारखा विचार करू. पातेल्यात पाणी आहे तोवर गॅस कितीही मोठा करा, डबा 100 अंशांच्या आसपासच राहतो. म्हणजे पाणी हाच तिथला थर्मोस्टॅट. पाणी आटलं की थर्मोस्टॅट गेला. डब्याचा तळ थेट तापतो आणि आतल्या दुधात जे पाणी आहे त्याची वाफ व्हायला बघते. पण जायला जागाच नाही. हिशोब करा. झाकणाचा व्यास 7.5 सेंमी धरला, तर क्षेत्रफळ साधारण 44 चौरस सेंमी. आतलं तापमान 134 अंशांवर गेलं, तर साध्या पाण्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे 2 बार जास्त होतो. म्हणजे झाकणावर जवळपास 880 न्यूटन. नव्वद किलोचा माणूस आतून झाकण ढकलतोय असं समजा! आणि हल्ली रिंग ओढून उघडायचे डबे असतात. त्यांच्या झाकणावर मुद्दाम खाच पाडलेली असते, सहज फाटावं म्हणून.

कुकरमध्येही दाब असतोच की. पण कुकरला शिट्टी आहे, ती अडकली तर सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. डब्याला यातलं काहीच नाही. बंद डबा म्हणजे शिट्टी नसलेला कुकर! कंडेन्स्ड मिल्कच्या कंपन्यासुद्धा बंद डबा तापवू नका असंच सांगतात. मी ते वाचलं, पण नंतर.

बरं, डबा कुकरमध्ये ठेवून शिट्ट्या काढल्या तर? तेही नको. कुकरमध्ये दाब असेपर्यंत डब्याच्या आत-बाहेर दोन्हीकडे दाब असतो. पण तुम्ही शिट्टी उचलून वाफ सोडली की बाहेरचा दाब एकदम जातो आणि आतला तसाच राहतो. आणि गरम डबा घाईने उघडलात तर आतलं दूध पिचकारीसारखं अंगावर येतं. साखरेचा पाक कातडीला चिकटतो, पाण्यासारखा ओघळून जात नाही. भाजणं त्यामुळे जास्त खोल होतं.

मग करायचं कसं? उत्तर दुसऱ्या दिवशी आईनेच दिलं. पंखा पुसता पुसता म्हणाली, “अगं, खरवस लावतो तसं लाव ना. डब्यातून काढ, स्टीलच्या डब्यात घाल आणि कुकरला लाव.” इतकी वर्षं खरवस खाल्ला, पण डोक्यात आलं नाही. चार सेमिस्टर थर्मो शिकून मी जे केलं नाही ते आईने एका वाक्यात सांगितलं.

तर ही कृती. 400 ग्रॅमच्या आसपासचा कंडेन्स्ड मिल्कचा डबा उघडून स्टीलच्या डब्यात ओता. डबा पाऊणच भरा. झाकण साधं ठेवा, क्लिपने लॉक होणारं नको. वाफेला वाट हवी, हाच तर सगळा मुद्दा आहे. कुकरमध्ये जाळी ठेवा, लिटरभर तरी पाणी घाला, पण ते डब्याच्या निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि 40 मिनिटं ठेवा. मग गॅस बंद. कुकर आपला आपण उतरू द्या, शिट्टी उचलू नका. डबा कोमट झाल्यावर उघडा. वरून थोडं गुठळ्या झाल्यासारखं दिसेल, घाबरू नका. रवीने किंवा काट्याने घोटलं की मऊसूत होतं. रंग आमच्या साताऱ्याच्या कंदी पेढ्यासारखा आला की जमलं.

कंदी पेढ्याचं नाव उगाच नाही घेतलं. याला सगळे कॅरॅमल म्हणतात, पण खरं म्हणजे हे कॅरॅमल नाहीच! साधी साखर कॅरॅमल व्हायला साधारण 160 अंश लागतात आणि कुकरमध्ये तापमान जातं 120 च्या आसपास. मग रंग येतो कुठून? दुधातली लॅक्टोज साखर आणि दुधातलं प्रोटीन यांच्या रिअ‍ॅक्शनमधून. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मायार याने 1912 मध्ये या रिअ‍ॅक्शनबद्दल लिहिलं, म्हणून तिला मायार रिअ‍ॅक्शन म्हणतात. भाजलेल्या खव्याचा खमंगपणा, पोळीवरचे डाग, भाजलेल्या कॉफीच्या बियांचा वास, या सगळ्यात हीच रिअ‍ॅक्शन आहे. म्हणूनच हे दूध कॉफीत इतकं छान मिसळतं. दोघांचं घराणंच एक!

आणि उघड्या पातेल्यात तीन तास, पण कुकरमध्ये 40 मिनिटं, असं का? ढोबळ नियम असा, की तापमान 10 अंशांनी वाढलं की रिअ‍ॅक्शनचा वेग साधारण दुप्पट होतो. 20 अंश वाढले, म्हणजे चौपट. 40 चोक 160 मिनिटं, पावणेतीन तासांच्या जवळ. परीक्षेत आलं तर मला पेढे द्या. कंदी.

आता प्रत्यक्ष कॉफी. कपात दीड चमचा इन्स्टंट कॉफी, एक चमचा साखर आणि चमचाभर गरम पाणी. चार-पाच मिनिटं फेटायचं, बदामी रंग येईपर्यंत. हा आपल्याकडचा जुनाच प्रकार. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तो डाल्गोना नावाने जगभर फिरला, तेव्हा घरोघरच्या आया म्हणाल्या असतील, हे तर आम्ही कधीचं करतो! एक लक्षात ठेवा. फेटताना कंडेन्स्ड मिल्क घालू नका. त्यातल्या फॅटमुळे फेस बसतो. दुसऱ्या मगात मोठा चमचाभर तपकिरी दूध, त्यावर 150 मिली गरम दूध, नीट ढवळा आणि मग फेटलेली कॉफी वरून सोडा. जास्तीची साखर नको, कंडेन्स्ड मिल्कमध्ये साखर भरपूर असते.

होस्टेलसाठी याहून सोपं आहे. गरम दूध मिळालं नाही तर तपकिरी दूध दोन मोठे चमचे घ्या आणि वर नुसतं गरम पाणी ओता, 120 मिली पुरे. यात आटवलेलं दूध आहेच, त्यामुळे कॉफी पाण्यातही दाट लागते. सुट्टीत घरी करा, कोरड्या काचेच्या बरणीत भरा, इथे आल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, कोरडा चमचा वापरा आणि आठवड्यात संपवा. आमची बरणी मेसच्या मावशींच्या फ्रिजमध्ये असते. भाडं म्हणून रविवारी त्यांना एक कप.

शेवटचं, आणि हे मात्र सिरियसली. काही रूम्समध्ये कपाटाच्या मागे इंडक्शन आहे, कोणाकडे कॉइल आहे. रेक्टर सर, कुठल्या ते मला विचारू नका, मी सांगणार नाही. पण मुलींनो आणि मुलांनो, त्यावर बंद डबा चढवू नका. दहा बाय दहाच्या खोलीत तीन कॉट असतात आणि रात्री दोन वाजता दाराची बेल वाजवायला कोणी इस्त्रीवाला येत नाही.

आमच्या घरच्या छतावर अजून एक तपकिरी डाग आहे. बाबा रंग देऊ म्हणाले, आईने नको म्हटलं. मी सुट्टीत गेले की ती त्याच्याखाली उभी राहून कुकर लावते, आणि कॉफी मी करते.

(टी.ई. मेकॅनिकल, लेडीज होस्टेल)