विश्लेषण : गाडी सात आसनी, पण चाइल्ड सीट बसवल्यावर जागा उरतात किती?

आई-बाबा, आजी-आजोबा, सहा वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा. माणसे सहा आणि गाडी सात आसनी, म्हणजे कागदावर एक जागा शिल्लकच. गणपतीला पुण्याहून कोकणात निघण्याच्या दिवशी मात्र हा हिशेब फसतो. दुसऱ्या रांगेत चाइल्ड सीट लावलेली असते आणि तिसऱ्या रांगेत जाण्याची वाट नेमकी तिनेच अडवलेली असते. थोडा वेळ खटपट होते, मग ‘राहू दे, मी घेते त्याला’ असे आजी म्हणते. चाइल्ड सीट डिकीत जाते, बाळ मांडीवर येते आणि गाडी घाटाला लागते. तीन रांगांची एसयूव्ही घेताना हा प्रसंग टाळायचा असेल, तर काय पाहावे?

मांडीवर घेतलेले मूल सुरक्षित का नाही?

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकली, तर ती क्षणार्धात थांबते. आतली माणसे मात्र त्याच वेगाने पुढे जात राहतात. अशा वेळी १० किलो वजनाचे बाळ धरून ठेवायला २०० ते ३०० किलोचा भार पेलण्याइतकी ताकद लागते. ती कोणत्याही माणसाच्या हातात नसते. मोठ्यांचा सीट बेल्ट मुलाला लावणे हाही उपाय नाही. तो मुलाच्या खांद्याऐवजी मानेवर आणि कमरेऐवजी पोटावर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, चाइल्ड सीटच्या वापराने मुलांचे मृत्यू ६० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४ ब नुसार, १४ वर्षांखालील मुलाला सीट बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेल्यास एक हजार रुपये दंड आहे.

गाडी निवडताना मुलाचे वय का महत्त्वाचे?

चाइल्ड सीटचे ढोबळमानाने तीन टप्पे असतात. तान्ह्या बाळासाठी मागे तोंड असलेली सीट, त्यानंतर पुढे तोंड असलेली पट्ट्यांची सीट आणि शाळकरी वयात बूस्टर. बूस्टरमुळे मूल उंच बसते आणि गाडीचा नेहमीचा बेल्ट योग्य जागी येतो. ‘आर १२९’ या संयुक्त राष्ट्रांच्या मानकानुसार किमान १५ महिन्यांपर्यंत मुलाचे तोंड मागेच हवे. त्यानंतरही सीटची मर्यादा संपेपर्यंत तसेच ठेवावे, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो.

मागे तोंड असलेली सीट गाडीत सर्वाधिक लांबी खाते. तिच्यासाठी पुढचे आसन पुढे सरकवावे लागते आणि उंच चालकाचे गुडघे डॅशबोर्डला टेकू लागतात. दुसरी रांग मागे-पुढे सरकत असेल, तर ही अडचण बरीच कमी होते. मात्र ती मागे सरकवली की तिसऱ्या रांगेतली जागा तेवढीच घटते. एकच गाडी आठ-दहा वर्षे वापरायची असेल, तर मूल या तिन्ही टप्प्यांतून त्याच गाडीत जाणार आहे, हे लक्षात घेऊनच निवड करावी लागते.

आयसोफिक्स किती ठिकाणी असते?

आयसोफिक्स म्हणजे आसनाची पाठ आणि बैठक यांच्या फटीत असलेल्या दोन लोखंडी कड्या. चाइल्ड सीटचे दोन दांडे त्यांत अडकतात. सीट पुढे कलंडू नये म्हणून तिसरा आधारही लागतो. तो वरून मागे ओढून बांधायच्या पट्ट्याचा, म्हणजे टॉप टेदरचा असतो किंवा जमिनीवर टेकणाऱ्या पायाचा. आपल्याकडच्या बहुतांश तीन रांगी गाड्यांत आयसोफिक्सच्या जागा दोनच असतात, दुसऱ्या रांगेतील खिडकीलगतच्या. मधल्या आणि तिसऱ्या रांगेतल्या आसनांवर चाइल्ड सीट लावायची, तर बहुतेकदा तीनबिंदू बेल्टवरच भिस्त असते.

येथे दोन बारकावे तपासायला हवेत. एक, टॉप टेदरची कडी नेमकी कोठे आहे? ती आसनाच्या पाठीमागे खाली असेल, तर पट्टा तिसऱ्या रांगेत बसणाऱ्याच्या पायांत येतो. सामान बांधायच्या कडीला चुकून टेदर अडकवला जाण्याचीही शक्यता असते. दोन, दुसऱ्या रांगेपुढच्या जमिनीत झाकणाचा कप्पा आहे का? टेकूचा पाय अशा पोकळ झाकणावर ठेवून चालत नाही. कोणत्या आसनावर कोणत्या प्रकारची सीट चालते, याचा तक्ता गाडीच्या माहितीपुस्तिकेत असतो. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा तो तक्ता विश्वासार्ह.

तिसऱ्या रांगेत जाण्याची अडचण काय?

खरी गोम इथे आहे. तिसऱ्या रांगेत शिरण्यासाठी दुसऱ्या रांगेतले आसन पुढे दुमडावे लागते. त्यावर चाइल्ड सीट पक्की बसवलेली असेल, तर ते दुमडता येत नाही. दोन्ही खिडक्यांशी दोन सीट लागल्या, की सात आसनी गाडीची तिसरी रांग जवळपास बंद होते. उरलेल्या मधल्या जागेत प्रौढ माणूस मावणेही कठीण, कारण बहुतेक चाइल्ड सीट ४४ सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतात. म्हणजे सात आसनी गाडीत दोन मुले आणि दोन प्रौढ एवढेच सुखाने बसतात. तेवढ्यासाठी दोन रांगांची गाडीही पुरते.

एकच चाइल्ड सीट असेल, तर ती न दुमडणाऱ्या बाजूला लावावी, हे सरळ उत्तर. पण त्यातही मेख आहे. एका कळीवर दुमडणारे आसन अनेक गाड्यांत डाव्या, म्हणजे पदपथाच्या बाजूला असते. मग चाइल्ड सीट उजवीकडे येते आणि मुलाला चढवणे-उतरवणे वाहत्या रस्त्याच्या बाजूने करावे लागते. दोन्ही बाजूंची आसने दुमडणारी असतील, तर निवडीला वाव राहतो.

मग सहा आसनी घ्यावी की सात आसनी?

दोन लहान मुले आणि सोबत आजी-आजोबा असतील, तर एक जागा कमी असलेली सहा आसनी गाडी प्रत्यक्षात जास्त माणसे नेते. तिच्यात दुसऱ्या रांगेत दोन सुटी कॅप्टन आसने असतात. दोन्हींवर चाइल्ड सीट लावल्या तरी मधल्या वाटेने मागे जाता येते. टाटा सफारी, ह्युंदाई अल्काझार अशा गाड्या सहा आणि सात आसनी अशा दोन्ही रूपांत विकल्या गेल्या आहेत. निवड करताना मधली वाट मोकळी आहे ना, तेवढे पाहावे. काही मॉडेलमध्ये तेथे कन्सोल किंवा हात टेकायचे दांडे आडवे येतात. घरात एकच लहान मूल असेल आणि पाहुणे क्वचितच असतील, तर मात्र सात आसनीचा सलग बाक अधिक सोयीचा.

तिसऱ्या रांगेत बसणार कोण?

मधल्या वाटेने मागे जाणे सहा-सात वर्षांच्या मुलाला खेळ वाटतो, गुडघेदुखीच्या आजीला शिक्षा. शिवाय बऱ्याच एसयूव्हींत तिसऱ्या रांगेची बैठक जमिनीपासून कमी उंचीवर असते, त्यामुळे गुडघे वर येतात. म्हणून मोठे मूल बूस्टरसह मागे आणि आजी दुसऱ्या रांगेत, अशी मांडणी अनेकदा व्यवहार्य ठरते. त्यासाठी तिसऱ्या रांगेत तीनबिंदू बेल्ट आणि वर होणारा हेडरेस्ट हवा. बाजूच्या पडदा-एअरबॅग तिथपर्यंत पोहोचतात का, हेही विचारावे. बोलेरो निओसारख्या गाड्यांत मागची आसने बाजूला तोंड करून असतात. तेथे चाइल्ड सीट लावताच येत नाही.

तिसरी रांग उभी असताना डिकीत काय मावते, हा पुढचा प्रश्न. अनेक गाड्यांत दोन-तीन पिशव्यांपलीकडे जागा नसते. बाबागाडी घडी करून ठेवून पाहिल्याशिवाय यावर विश्वास ठेवू नये.

सुरक्षेचे तारे काय सांगतात?

भारत एनकॅप ही चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. तिच्यात प्रौढांच्या सुरक्षेसाठी ३२ आणि मुलांच्या सुरक्षेसाठी ४९ गुण असतात. त्या ४९ पैकी २४ गुण प्रत्यक्ष धडकेचे, १२ चाइल्ड सीट नीट बसते का याचे आणि १३ गाडीतील सोयींचे. पहिल्याच फेरीत सफारीने मुलांच्या सुरक्षेत ४४.५४ गुण मिळवले. मात्र एकूण तारे पाहून थांबू नये. स्कॉर्पिओ-एनला डिसेंबर २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपने प्रौढांसाठी पाच तारे दिले, पण मुलांसाठी तीनच. त्यात ४९ पैकी २८.९३ गुण होते. शिवाय धडकेच्या चाचणीत दीड आणि तीन वर्षांच्या मुलांचे पुतळे दुसऱ्या रांगेत बसवतात. तिसऱ्या रांगेबद्दल हे तारे फारसे बोलत नाहीत.

शोरूममध्ये काय करून पाहावे?

घरची चाइल्ड सीट आणि घरची माणसे दोन्ही सोबत न्यावीत. आधी विकत घेतलेली नसेल, तर ओळखीच्यांकडून तासाभरासाठी आणावी. सीट स्वतः लावून पाहावी. आयसोफिक्सच्या कड्या हाताला लागतात का, किती मिनिटे जातात, ते कळते. मग पुढची आसने नेहमीच्या जागी आणावीत आणि चाइल्ड सीट न काढता सर्वांनी आत बसावे. आजोबांना बाहेरही पडू द्यावे, कारण चढण्यापेक्षा उतरणे अवघड असते. पुढच्या आसनावर मागे तोंड असलेली सीट चालू एअरबॅगसमोर कधीही लावू नये. ती एअरबॅग बंद करण्याची कळ आहे का, तेही पाहून घ्यावे.

ही सगळी परीक्षा अर्ध्या तासाची. तीत चाइल्ड सीट एकदाही काढावी लागली, तर पुढे प्रत्येक मोठ्या प्रवासाला ती काढली जाणार, हे धरून चालावे. ज्या दिवशी गाडीत सर्वाधिक माणसे असतात आणि रस्ता सर्वात लांबचा असतो, नेमक्या त्याच दिवशी मूल मांडीवर येणार असेल, तर सातवे आसन आपल्या काय कामाचे?