पेशीच्या बाहेरची खूण

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन होतं, रेडिएशन होतं, आणि काही वर्षांनी रक्तातला पीएसए (प्रोस्टेटमधून येणारं प्रथिन) पुन्हा हळूहळू चढू लागतो. कॅन्सर कुठेतरी उरला आहे, एवढं त्यावरून कळतं. कुठे, ते कळत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत डॉक्टरांकडे या प्रश्नाला नीट उत्तर नव्हतं. सीटी स्कॅन आकारावर जातो, त्यामुळे लिम्फ नोड चांगली सुजल्याशिवाय त्याला संशय येत नाही. बोन स्कॅनमध्ये प्रत्यक्ष कॅन्सर दिसत नाही, त्याने डिवचलेल्या हाडाची प्रतिक्रिया दिसते. साखरेवर चालणारा एफडीजी पेट स्कॅन इथे बहुधा तोकडा पडतो, कारण हा कॅन्सर संथ असतो आणि साखर कमी ओढतो.

उत्तराची सुरुवात 1987 साली झाली. अमेरिकेत ज्युलियस होरोशेविच आणि सहकाऱ्यांनी प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींना चिकटणारं एक प्रतिपिंड तयार केलं. ते ज्या प्रथिनाला चिकटत होतं, ते पुढे पीएसएमए म्हणून ओळखलं गेलं. या प्रतिपिंडाला किरणोत्सारी इंडियम जोडून बनवलेल्या प्रोस्टासिंटला 1996 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मोठी आशा होती, पण चित्रं धूसर निघाली. हे प्रतिपिंड पीएसएमएच्या पेशीच्या आत असलेल्या टोकाला चिकटत होतं. जिवंत पेशीचं आवरण शाबूत असतं, त्यामुळे खूण लागायची ती मुख्यतः मरणाऱ्या किंवा फुटलेल्या पेशींना. शिवाय प्रतिपिंड आकाराने मोठं, ते रक्तात कित्येक दिवस फिरत राहायचं.

इथून पुढचा रस्ता मेंदूच्या अभ्यासातून आला, आणि मला या सगळ्या इतिहासात हेच वळण सर्वांत मोलाचं वाटतं. पीएसएमए हे एक एन्झाइम आहे आणि मेंदूतही तेच काम करतं, हे 1996 मध्ये लक्षात आलं. मज्जासंस्थेच्या आजारांसाठी त्या एन्झाइमला रोखणारे छोटे रेणू शोधले जात होतेच. जॉन्स हॉपकिन्सच्या मार्टिन पॉम्पर यांनी अशाच रेणूंना किरणोत्सारी अणू जोडून ते प्रोस्टेट कॅन्सरकडे वळवले. हे रेणू पेशीच्या बाहेरच्या भागाला चिकटतात आणि रक्तातून झपाट्याने निघून जातात. मशीन मोठं करून जे साधलं नसतं, ते योग्य बाजू पकडल्याने साधलं.

मग जर्मनीत हायडेलबर्गच्या गटाने गॅलियम-68 जोडलेला पीएसएमए-11 हा असाच छोटा रेणू तयार केला. मे 2011 मध्ये तो पहिल्या रुग्णाला दिला गेला. गॅलियम-68 चं अर्धायुष्य अवघं 68 मिनिटं, पण तो छोट्या जनरेटरमधून मिळतो, दाराशी सायक्लोट्रॉन लागत नाही. त्यामुळे पीएसएमए पेट स्कॅन ही तपासणी झपाट्याने पसरली. ऑस्ट्रेलियात शस्त्रक्रियेआधी किंवा रेडिएशनआधी तपासलेल्या 302 जोखमीच्या रुग्णांवर चाचणी झाली, तिचा निकाल 2020 मध्ये आला: अचूकता 92 टक्के, जुन्या सीटी आणि बोन स्कॅनच्या जोडीची 65 टक्के. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेने या स्कॅनला मान्यता दिली, तीही कॅलिफोर्नियातल्या दोन विद्यापीठांना.

पुढे याच खुणेवर उपचारही उभे राहिले. गॅलियमऐवजी ल्युटेशियम-177 जोडला की तोच मार्ग कॅन्सरवर मारा करतो. 831 रुग्णांच्या चाचणीत या उपचाराने मध्यक (मीडियन) आयुष्य 11.3 वरून 15.3 महिन्यांवर गेलं. आपल्याकडे हे ल्युटेशियम तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं.

तरी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. जास्त दिसणं म्हणजे आपोआप जास्त जगणं नव्हे. पूर्वी 'पसरलेला नाही' म्हणून गणले गेलेले काही रुग्ण आता 'पसरलेला' या गटात जातात. तेवढ्यानेच दोन्ही गटांचे आकडे सुधारलेले दिसतात, प्रत्यक्षात कुणाचंही आयुष्य न वाढता. लाळग्रंथी आणि मूत्रपिंडही या स्कॅनमध्ये उजळतात. बरगडीवरचा ठिपका कधी कॅन्सर असतो, कधी नसतो. काही कॅन्सरवर पीएसएमए नसतोच, आणि ते स्कॅनमधून निसटतात.

म्हणून घरातल्या कुणाला हा स्कॅन सांगितला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा: निकालानुसार उपचार बदलणार आहेत का? आणि जाताना पीएसएचे सगळे जुने रिपोर्ट तारखांसह बरोबर न्या.